गाभण उंदरांना काही झालं नाही, मग अक्काची गोळी बंद का?

खानापूरचा_भाऊ | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी अक्का ३१ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी मोठा ताप येऊन गेला आणि त्यानंतर जिना चढताना धाप लागायला लागली. बेळगावात इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, हृदयाचा पंप कमजोर झालाय म्हणाले. तेव्हापासून एनालाप्रिल आणि मेटोप्रोलॉल चालू आहे. आता तब्येत चांगली आहे. म्हशीसुद्धा पिळते. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यामुळे सासरी विषय निघतो ते वेगळं सांगायला नको.

मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधी येऊन भेटा. यातली एक गोळी बदलायला लागेल." बाहेर चाळीस माणसं बसलेली, का म्हणून विचारायचा धीर झाला नाही.

घरी येऊन नेटवरून एनालाप्रिलचं माहितीपत्रक काढलं. इंग्रजी आहे, पण डोकं लावून वाचलं. आत लिहिलंय की गाभण उंदरांना दिवसाला किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत दिली तरी पिल्लांत व्यंग दिसलं नाही. सशांतही व्यंग नाही. आणि त्याच पत्रकाच्या डोक्यावर काळ्या चौकटीत लिहिलंय की गर्भ राहिल्याचं कळताच औषध थांबवा, पोटातल्या बाळाला इजा होते, मूल दगावूही शकतं.

अक्का दिवसाला १० मिलिग्रॅम घेते, वजन ५५ किलो. हिशेब केला तर उंदरांना तिच्या हजारपट दिलीय आणि काही झालं नाही. मग खोटं कोण बोलूलालंय, उंदीर की चौकट?

---

कंपाउंडर_शहापूर | सोमवार, रात्री १०:१५

पहिलं हे वाचा, बाकीचं मग. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. पंप कमजोर असलेल्या माणसानं एकदम औषध सोडलं तर पाय सुजून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते. डॉक्टर "बदलू" म्हणालेत, "सोडा" म्हणाले नाहीत.

दुसरं, ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येतं (एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल) आणि ज्याच्या शेवटी "सार्टन" येतं (टेल्मिसार्टन, लोसार्टन), ती सगळी या बाबतीत एकाच पंगतीतली. चौतीस वर्षं काउंटरला उभा होतो. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या बायको "माझंबी डोकं दुखतंय" म्हणून घेते, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पोटुशी बाई असेल तर हे प्रकरण फार महागात पडतं.

उंदरांचं मात्र मला ठाऊक नाही. या मंडळात एक उंदीरवाला आहे, त्याला हाक मारा.

---

गोठा_नं_१ | सोमवार, रात्री १०:३२

म्हशीला इंजेक्शन देतानाही "गाभण आहे काय?" म्हणून डॉक्टर आधी विचारतोय. माणसाला विचारायला चाळीस जणांची रांग आडवी येते. चालूद्या. वाचतोय.

---

उंदीरवाला | सोमवार, रात्री ११:४०

हाक ऐकली, आलो.

भाऊ, उंदीर खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं.

मी मूळचा निपाणीचा. बारा वर्षं परगावी एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, नाव विचारू नका. माझं काम हेच, गाभण उंदीर आणि गाभण ससे. एनालाप्रिल मी तपासलेलं नाही, ते मी पाळण्यात असतानाचं औषध. पण पद्धतीचा सांगाडा तोच आहे.

आधी तुमचा हिशेब. किलोला किलो लावू नका. लहान जनावराचं शरीर औषध भराभर निकालात काढतं, म्हणून उंदराचा किलोमागचा डोस माणसाला लावताना साधारण सहानं भागतात. तरी दीडपावणेदोनशे पट उरतेच. म्हणजे तुमचा प्रश्न जागच्या जागी आहे.

आता काम कसं चालतं बघा. संध्याकाळी नर-मादी एका पिंजऱ्यात सोडायचे. सकाळी मादीच्या अंगावरून थेंबभर पाणी घेऊन काचपट्टीवर बघायचं. शुक्रजंतू दिसले की तो दिवस शून्य. उंदीर २१-२२ दिवसांत वितो, ससा ३१ दिवसांत. चार गट करायचे. एकाला औषधाविना नुसतं द्रावण, बाकी तिघांना कमी, मध्यम आणि जास्त डोस. जास्त म्हणजे आईलाच थोडा त्रास जाणवेल इतका. गटात वीसेक माद्या. सहाव्या दिवसापासून सतराव्यापर्यंत रोज ठरल्या वेळी तोंडातून नळी घालून औषध पोटात सोडायचं. आणि विसाव्या दिवशी, व्यायच्या आधीच, पोट उघडायचं.

व्यायच्या आधीच का? कारण उंदराची मादी मेलेलं किंवा व्यंग असलेलं पिल्लू खाऊन टाकते. सकाळी मोजायला जावं तर जे बघायचं तेच गायब.

मग मोजणी. बीजकोशावर पिवळे दाणे असतात, भिंगाखाली धरायचे. जितके दाणे तितकी बीजं सुटली. त्यातली किती रुजली, रुजलेल्यातली किती जिरली, किती जिवंत. अर्ध्या पिल्लांची हाडं बघायची. कातडी काढून पोटॅशच्या पाण्यात ठेवली की मांस काचेसारखं आरपार होतं आणि ॲलिझारिन नावाच्या रंगानं हाडं तेवढी जांभळट लाल होतात. ग्लिसरीनच्या बाटलीत अंगठ्याएवढा अख्खा सांगाडा तरंगतो. बाटली उजेडापुढं धरायची आणि बरगड्या मोजायच्या. तेराच्या ठिकाणी चौदावी निघाली तर तिला व्यंग म्हणत नाहीत, "फरक" म्हणून नोंद होते. बाकीची अर्धी पिल्लं घट्ट करून ब्लेडनं काकडीसारख्या चकत्या करायच्या. टाळू जुळली का, हृदयाचे कप्पे नीट आहेत का, मूत्रपिंडं जागेवर आहेत का. पहिले सहा महिने मला रात्री डोळ्यांसमोर चकत्याच दिसायच्या.

हिशेब पिल्लागणिक धरत नाहीत, वेतागणिक धरतात. एका वेतातली बारा पिल्लं म्हणजे बारा साक्षीदार नव्हेत. आई एकच, म्हणून साक्षही एकच.

आता तुमची खरी गोम. सतराव्या दिवसाला का थांबतात? उंदराच्या पिल्लाची टाळू तोवर बंद होते आणि बहुतेक अवयव घडून झालेले असतात. पण मूत्रपिंड त्यात येत नाही. रक्त गाळणाऱ्या ज्या बारीक चाळण्या असतात ना, त्या उंदराच्या पिल्लात जन्मल्यावरही आठ-दहा दिवस नव्यानं तयार होत असतात. माणसात ते सगळं काम आईच्या पोटातच, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत उरकतं. म्हणजे औषध दिलं ते दिवस आणि मूत्रपिंड घडायचे दिवस यांची गाठच पडली नाही. कुणी मे महिन्यात आपल्या धो-धो पावसाच्या कणकुंबीला येऊन "इथं पाऊस पडत नाही" असं लिहून जावं, तसं ते वाक्य आहे. लिहिलं ते खोटं नाही.

१९९० च्या दशकात स्वीडनमधल्या लोकांनी उलटं केलं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तिसऱ्या ते तेराव्या दिवसापर्यंत एनालाप्रिल दिलं. मूत्रपिंडं कायमची बिघडली. तोच उंदीर, तेच औषध, फक्त दिवस बदलले.

सशाचं उद्या लिहितो. बॅटरी संपत आली.

---

मुक्या_जिवांसाठी | मंगळवार, सकाळी ७:०५

वाचून अंगावर काटा आला. म्हणजे शेकडो आयांची पोटं फाडून उत्तर काय, तर "दिवस चुकले". मग हा खेळ कशासाठी?

---

सीमाबाग | मंगळवार, सकाळी ८:२०

भाऊंनी "बेळगावात" लिहिलंय, कागदोपत्री १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. एवढंच निदर्शनास आणतो.

कंपाउंडर_शहापूर | मंगळवार, सकाळी ८:२६

त्याचा वेगळा धागा आहे, पाचशे प्रतिसादांचा. तिकडं जा बाबा.

---

लेबररूम_रातपाळी | मंगळवार, दुपारी २:१०

उंदीरवाले दादांनी मूत्रपिंडापर्यंत आणून सोडलंय, पुढचं मी सांगते. मी स्त्रीरोग विभागात शिकतेय.

बाळाच्या भोवती जे पाणी असतं, ते साधारण चौथ्या महिन्यानंतर मुख्यतः बाळाचीच लघवी असते. पेशंटला हे सांगितलं की त्या तोंड वाकडं करतात, पण आहे ते असं आहे. बाळाच्या मूत्रपिंडात रक्ताचा दाब टिकवून धरायला अँजिओटेन्सिन नावाचं रसायन लागतं. एनालाप्रिल नेमकं तेच तयार होऊ देत नाही. आईच्या थकलेल्या हृदयाला त्यानं आराम मिळतो. पण गोळी वारेतून पलीकडं जाते आणि बाळाचाही दाब पडतो. लघवी कमी, म्हणून पाणी कमी. पाणी कमी झालं की फुप्फुसं वाढत नाहीत, हातपाय आखडतात, कवटीची हाडं पातळ राहतात.

म्हणजे आधी "व्यंग" होतं असं नाही. घडत आलेला अवयव उपाशी ठेवला जातो. म्हणून व्यंग शोधणाऱ्या चाचणीत ते सापडलं नाही. धोका मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढं. पहिल्या तीन महिन्यांबद्दल २००६ साली एका अभ्यासानं हृदयातल्या व्यंगांची शंका घेतली होती. २०१७ मध्ये फार मोठ्या संख्येवर पुन्हा बघितलं, आणि आईचा मधुमेह वगैरे हिशेबात घेतल्यावर तो फरक उरला नाही. तरीही पंपाच्या पेशंटला आम्ही आधी या असंच सांगतो, कारण नवीन गोळीवर हृदय टिकतंय की नाही हे दिवस राहायच्या आधी बघायला मिळतं.

भाऊ, तुमच्या अक्कांच्या बाबतीत गोळीपेक्षा मोठा प्रश्न पंपाचा आकडा आहे, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो. गरोदरपणात रक्त दीडपटीच्या आसपास वाढतं, हृदयाला तेवढं ओढावं लागतं. आकडा ३० टक्क्यांच्या खाली असेल तर गरोदर राहू नका असंच आम्ही सांगतो. नवा इको कधी केला?

---

खानापूरचा_भाऊ | मंगळवार, दुपारी ३:००

ताई, दीड वर्ष झालं. तेव्हा ४५ होता. उपाशी अवयवाचं वाक्य अक्काला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, गोठ्यात गेली.

---

उंदीरवाला | मंगळवार, रात्री १०:०५

सशाचं राहिलं होतं.

ससा का घेतात? थॅलिडोमाइडमुळं. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायका उलटीसाठी घ्यायच्या. १९६१ मध्ये मागे घेतलं तोवर दहा हजारांवर मुलं आखूड हातापायांची जन्मली होती. नंतर उंदरांना दिलं तर त्यांच्यात ते व्यंग उमटेना, सशांत उमटलं. तेव्हापासून एक कुरतडणारा प्राणी आणि एक दुसरा, असे दोन साक्षीदार लागतात. दुसरा बहुतेक ससाच.

एनालाप्रिलच्या पत्रकात सशाची ओळ पूर्ण वाचा, भाऊ. व्यंग नाही हे खरं, पण किलोमागे १ मिलिग्रॅमलाच काही माद्यांना आणि गर्भांना त्रास झाला. उंदराला २०० चालली, सशाला १ चालेना! मग त्यांनी सशांना मिठाचं पाणी पाजलं. ३ आणि १० मिलिग्रॅमवरचा त्रास थांबला, ३० वरचा थांबला नाही. उंदरांतही १२०० मिलिग्रॅमला गर्भाचं वजन घटलं होतं आणि मिठाच्या पाण्यानं ते घटणं थांबलं. आता ताईंनी लिहिलेलं आठवा. हे औषध मीठ, पाणी आणि रक्तदाब यांच्या गणितात हात घालतं. ससा तेच ओरडून सांगत होता. याच घराण्यातलं कॅप्टोप्रिल १९८० च्या सुमारास गाभण सशांना आणि मेंढ्यांना दिलं होतं, तेव्हा गर्भ पोटातच मेले होते. चौकट अमेरिकेत आली १९९२ साली. मधली वर्षं मोजा. ही वर्षं माझ्या घशाखाली उतरत नाहीत, आणि त्यात जनावरांची चूक नाही.

मुक्या_जिवांसाठी, तुमचा राग मला मान्य आहे. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे, प्रत्येक प्रयोगाला नैतिकता समितीची सही लागते, किती माद्या आणि त्यापेक्षा कमीत का भागणार नाही हे लिहून द्यावं लागतं. मार्च २०२३ मध्ये आपल्याकडच्या औषध नियमांत पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींनाही वाट करून दिली. झेब्राफिश माशाच्या अंड्यांवर बरंच काम हलतंय. पण वार, पाणी, आईचा रक्तदाब आणि बाळाचं मूत्रपिंड हे सगळं एकत्र ज्यात येतं अशी बशी अजून कुणी केलेली नाही. झाली की माझी नोकरी जाईल. चालेल.

---

टिळकवाडीकर_आजोबा | बुधवार, सकाळी ६:३०

अवांतर. आमच्याकडे व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, पोरं तिथं क्रिकेट खेळतात, सकाळी मंडळी फिरायला येतात. नाव का पडलं ते शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं. देवीची लस तिथं तयार व्हायची. त्या काळी ती लस जनावराच्या कातडीवर वाढवत असत. आमच्या दंडावरचा वण त्यातलाच. मुक्या जिवांचं देणं या गावाला नवीन नाही, एवढंच.

---

वडगावची_सून | बुधवार, सकाळी ११:१५

माझ्या जावेची हृदयाची झडप बदललीय, लोखंडी. ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेते, वॉर्फरिन. तिचंही असंच काही आहे का? तिला विचारायची सोय नाही, घरात विषय काढला की रडते.

लेबररूम_रातपाळी | बुधवार, दुपारी १:४०

ताई, वॉर्फरिन बाळाला बाधू शकतं, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. नाकाचं हाड बसकं राहतं, हाडांच्या टोकांना ठिपके दिसतात. रोजचा डोस ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. पण सोडलं तर झडपेवर गुठळी होते आणि आईच जाते. रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषध, हेपॅरिनचं इंजेक्शन, वार ओलांडत नाही, पण झडप सांभाळायला ते नेहमी पुरं पडतंच असं नाही. तिथं सोपी वाट नाही. हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एका खोलीत बसले पाहिजेत. तुम्ही सोबत जा, ती रडली तर रडू द्या.

उंदीरवाला | बुधवार, दुपारी १:५५

आणि तिथंही दिवसांचीच गोम. उंदराच्या नाकाचा भाग बराचसा जन्मल्यावर वाढतो, म्हणून नेहमीच्या चाचणीत बसकं नाक दिसेना. १९९२ साली जन्मलेल्या पिल्लांना वॉर्फरिन दिलं, सोबत रक्तस्रावानं मरू नयेत म्हणून व्हिटॅमिन के दिलं, तेव्हा दिसलं.

---

नंदगडची_आशा | बुधवार, रात्री ८:४५

मी आशा कार्यकर्ती आहे, मोठं शिक्षण नाही, चुकलं तर सांगा. हृदयाच्या पेशंटना जी ॲस्पिरिन देतात ना, बारकी गोळी, ती आमच्या जिल्ह्यातल्या गरोदर बायकांना अभ्यासात दिली होती. पहिलटकरणी घेतल्या होत्या. कुणाला गोळी आणि कुणाला तशीच दिसणारी खोटी गोळी, हे देणाऱ्यालाही माहीत नसायचं. माझ्या भावजयीला अजून माहीत नाही तिची कुठली होती. पोरगं आता दुसरीला आहे.

उंदीरवाला | बुधवार, रात्री ९:३०

चुकलं काय, ताई, तुम्ही धाग्यातलं सगळ्यात मोलाचं लिहिलंत!

तो अभ्यास २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा देश, ११,९७६ बायका, भारतातून बेळगाव आणि नागपूर. ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, सहाव्या ते तेराव्या आठवड्यात सुरू करून ३६ आठवड्यांपर्यंत. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं खोट्या गोळीवाल्यांत १३.१ टक्के आणि ॲस्पिरिनवाल्यांत ११.६ टक्के.

आणि गंमत ऐका. ॲस्पिरिन ज्या सॅलिसिलेट घराण्यातली, त्या औषधांनी उंदराच्या पिल्लांत व्यंगं होतात हे १९५९ सालापासून माहीत आहे. डोस प्रचंड होता, पण व्यंगं खरी होती. आमच्यात नवीन पोराला शिकवताना सॅलिसिलेट आजही "हमखास बिघडवणारं" म्हणून दाखवतात. म्हणजे उंदीर एनालाप्रिलला गप्प बसला आणि ॲस्पिरिनला ओरडला. बारक्या डोसचा खरा निकाल शेवटी बायकांनीच दिला, त्यात आपल्या जिल्ह्यातल्याही.

मुक्या_जिवांसाठी | बुधवार, रात्री ९:५२

म्हणजे शेवटी प्रयोग बायकांवरच.

नंदगडची_आशा | बुधवार, रात्री १०:१०

विचारून, ताई. सही घेऊन. आमच्या गावात दोघींनी नको म्हटलं, त्यांना कुणी काही बोललं नाही. सशाला नको म्हणता येत नाही, हे तुमचं खरं आहे.

---

खानापूरचा_भाऊ | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:२०

धागा वर काढतोय. इको झाला, आकडा ५० आला. डॉक्टरांपुढं या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच प्रश्न मूत्रपिंडाचा होता. ते हसले, म्हणाले, कुठं वाचलंत? मग पंधरा मिनिटं बोलले, रांग तशीच ठेवून. एनालाप्रिल बंद करून त्या जागी दुसरं दिलंय, मेटोप्रोलॉल तशीच. तीन महिने हृदय कसं राहतंय बघायचं, पुन्हा इको, मग बाळंतपणाच्या डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. हे भावजींना डॉक्टरांनीच समजावलं, ते बरं झालं.

रोज दोन वेळा बीपी लिहायला सांगितलंय. अक्कानं डेअरीची जुनी वही काढली. तिच्यात सकाळ आणि संध्याकाळ असे रकाने आधीच आहेत. लिटरच्या जागी वरचा-खालचा आकडा लिहिते, आणि नाडी लिहिते फॅटच्या रकान्यात. काल संध्याकाळी ११२/७०, फॅट ६८.

गोठा_नं_१ | रविवार, सकाळी १०:३१

६८ फॅटची म्हैस कुठं मिळते, पत्ता पाठवा.